ट्रिटियमचा बीटा क्षय मोजताना या चुका टाळा

ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. तो मोजायला गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारी नळी) काढूच नका. ट्रिटियमच्या क्षयातून निघणाऱ्या बीटा कणाची (इलेक्ट्रॉनची) ऊर्जा जास्तीत जास्त १८.६ केईव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट). हवेतसुद्धा तो सहाएक मिलिमीटरवर थांबतो, नळीच्या खिडकीतून आत शिरणं दूरच. नमुना सिंटिलेशन कॉकटेलमध्येच, म्हणजे बीटा कणामुळे चमकणाऱ्या द्रवातच मिसळावा लागतो; मशीन त्या चमका (काउंट) मोजतं.

आणि खरा घोळ इथूनच सुरू होतो. तुर्भ्याच्या एका प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी ऊतकं अल्कलीत विरघळवायची, रंग घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायची आणि कॉकटेल ओतलं की लगेच व्हायल (नमुन्याची छोटी बाटली) मशीनला लावायची. संध्याकाळी काउंट भरघोस, सकाळी त्याच व्हायलमध्ये निम्म्याहून कमी. "सर, मशीन बिघडलंय." इंजिनिअरला फोन लावायची तयारी झाली होती. मी विचारलं, "अगं, ट्रिटियमचं अर्धायुष्य किती?" १२.३२ वर्षं. वर्षभरात जेमतेम साडेपाच टक्के घटणारा पदार्थ एका रात्रीत निम्मा कसा होईल? संध्याकाळचे बरेचसे काउंट क्षयाचे नव्हतेच. अल्कली आणि पेरॉक्साइडमुळे कॉकटेलमध्ये रासायनिक क्रियेचा उजेड पडत होता, आणि तो नेमका ट्रिटियमच्याच कमी ऊर्जेच्या पट्ट्यात मोजला जातो. ट्रिटियम न घातलेला कोरा नमुना सोबत लावला असता, तर हे पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं.

मी नमुना आधी ॲसेटिक ॲसिडने उदासीन करतो, व्हायल रात्रभर अंधारात ठेवतो आणि दोनदा मोजतो. आकडे जुळले तरच वहीत. मशीनमध्ये ल्युमिनेसन्स करेक्शनचं, म्हणजे असा रासायनिक उजेड वजा करायचं बटण आहे म्हणून ही रात्र वाचवू पाहणारे बरेच भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. उजेड फार असला की त्या करेक्शनवर भरवसा ठेवता येत नाही.

काउंट प्रति मिनिट तसेच्या तसे थिसिसमध्ये उतरवू नका. पिवळट नमुना कॉकटेलचा निळा प्रकाश गिळतो आणि ट्रिटियमचे काउंट सर्वांत आधी पडतात. त्याच कॉकटेलवर क्वेंच कर्व्ह (प्रकाश किती गिळला गेला की किती काउंट हुकतात, याचा आलेख) काढा, मगच विघटनं प्रति मिनिट, म्हणजे खरोखर क्षय झालेले अणू लिहा.

साध्या काचेतलं किरणोत्सारी पोटॅशियम-४० बॅकग्राउंड (नमुन्याबाहेरचे काउंट) वाढवतं, प्लॅस्टिकच्या व्हायल वापरा. खूण झाकणावर करा, बाजूला नको. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या व्हायलवर पाणी धरतं, ते पुसून मगच लावा.

ठाणे लोकल गाठायची म्हणून एका मिनिटात मोजमाप उरकू नका. १०० काउंटवर अनिश्चितता १० टक्के असते, १०,००० वर १ टक्का. नमुना क्षीण असेल तर संध्याकाळी लावून खुशाल घरी जा, मशीन रात्रभर मोजत राहील.