धातूच्या वेली आणि पानं घडवताना या चुका टाळा

धातूचं झाड घडवायला जे लागतं ते सगळं नाशकात आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत लेझर कटिंग आणि आर्गन वेल्डिंगची वर्कशॉप्स आहेत, जुन्या गावात तांब्या-पितळेच्या घडाईची परंपरा आहे आणि शहराबाहेर पडलं की दुतर्फा द्राक्षबागा आहेत. तरीही बंगल्याच्या अंगणात किंवा सोसायटीच्या दारात उभं केलेलं शिल्प दोन पावसाळ्यांत केविलवाणं दिसायला लागतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं. पानाचा आकार उचललेला असतो, पान काय काम करतं ते बघितलेलं नसतं. पान पाणी झटकतं, देठ वाऱ्यात वळतो, खोड वरचा भार पेलतं. ही कामं धातूलाही करावी लागतात.

पान सपाट ठेवणं

पत्र्यातून लेझरने पिंपळपान कापलं, रंगवलं आणि लावलं, की ती दुकानाची पाटी वाटते. खरं पान कागदाइतकं पातळ असूनही ताठ राहतं, कारण ते वळलेलं असतं आणि त्याच्या पाठीवर शिरा असतात. म्हणून कापलेलं पान लाकडाच्या खोलगट ठोकळ्यावर किंवा वाळूच्या पिशवीवर ठेवून मागून ठोका आणि शिरा बोथट छिन्नीने मागच्या बाजूने उठवा. असं घडवलेलं एक मिलिमीटरचं पान दोन मिलिमीटरच्या सपाट पानापेक्षा ताठ उभं राहू शकतं. वजनही निम्मं होतं. दोन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला १५.७ किलो भरतो, हे शंभर पानांचं झाड आखताना लक्षात ठेवायला हवं.

तांबं ठोकता ठोकता कडक होतं आणि मग चिरतं. मध्येच मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ पडतं. लोखंडाला मात्र ही रीत लावू नका, ते हवेतच सावकाश निवू द्या. शक्य असेल तर पानांचं काम एखाद्या जुन्या तांबटाकडून करून घ्या. मठारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेल्या, तांब्यावर उन्हाचा उजेड जसा तुटतो, तसा बफिंग केलेल्या पत्र्यावर कधीच तुटत नाही.

पानं मनाला येतील तिथे डकवणं

द्राक्षाची वेल करायची असेल तर नाशिकच्या बघणाऱ्याला फसवता येत नाही. काडीवर पानं एकाआड एक, दोन बाजूंना येतात. बाळी (आधाराला गुंडाळणारा तंतू) किंवा घड पानाच्या बरोबर समोर, त्याच पेऱ्यावर येतो. सलग दोन पेऱ्यांवर बाळी आणि तिसरा पेरा बहुधा मोकळा, हा द्राक्षाचा क्रम. तो चुकला की बागायतदाराला काहीतरी खटकतं, नेमकं काय ते सांगता आलं नाही तरी. ऑक्टोबर छाटणी झाल्या झाल्या एखाद्या बागेत जा. खोड, ओलांडा (खोडावरची आडवी फांदी), काडी असा सगळा सांगाडा उघडा दिसतो. स्केचबुक तिथेच भरा. तुळस आणि मोगऱ्याची पानं समोरासमोर जोडीने येतात, आंब्याची फिरत्या क्रमाने.

फांद्यांची जाडीही अशीच बघून ठरवायची. ५० मिलिमीटरच्या खोडाला दोन सारख्या फांद्या फुटल्या, तर त्या साधारण ३५ मिलिमीटरच्या असाव्यात. फांद्यांच्या छेदांचं क्षेत्रफळ मिळून खोडाएवढं होतं, हे लिओनार्दो दा विंचीने नोंदवून ठेवलं आहे. रॉक्सी पेन या अमेरिकन शिल्पकाराने २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या गच्चीवर स्टेनलेस स्टीलचं प्रचंड गुंतागुंतीचं झाड मांडलं होतं. पाइप आणि सळ्या टप्प्याटप्प्याने बारीक होत गेल्यामुळे ते वाढलेलं वाटतं, जोडलेलं वाटत नाही. आपल्याकडे एकाच मापाचा पाइप शेंड्यापर्यंत नेतात आणि झाडाचा विजेचा खांब होतो.

देठ पानाच्या कडेलाच वेल्ड करणं

सगळ्यात जास्त शिल्पं इथे मोडतात. आठ मिलिमीटरची सळी एक मिलिमीटरच्या पत्र्याच्या कडेला वेल्ड केली, की वेल्डलगतचा पत्रा तापून कमजोर होतो. वाऱ्यात पान हलतं, सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि तिथेच तडा जातो. झाडाच्या पानात देठ कडेला थांबत नाही, मधली शीर होऊन टोकाकडे जातो. तसंच करा. सळी ठोकून निमुळती करा, पानाखालून दोन तृतीयांश लांबीपर्यंत न्या आणि दोन्ही बाजूंनी आलटून पालटून छोटे टॅक, म्हणजे वेल्डचे ठिपके, मारा. तांब्याच्या पानाला तांब्याचे रिव्हेट उत्तम. देठ थोडा लांब आणि लवचीक ठेवला तर पान वाऱ्याशी भांडत नाही.

तडा आधीच गेला असेल तर वरून नुसतं वेल्ड ओढू नका, तो शेजारून पुढे सरकेल. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडा, मग तडा घासून खाच करा, वेल्ड भरा आणि खालून शिरेची सळी द्या.

पाण्याला वाट न ठेवणं

वर तोंड केलेल्या वाटीसारख्या पानात किंवा कमळात पाणी साचतं, गंज धरतो आणि आठवडाभरात डासही होतात. तळाच्या सर्वांत खालच्या बिंदूला सहा-आठ मिलिमीटरचं भोक हवंच. पान मुळातच टोकाकडे कललेलं ठेवलं तर भोकाचीही गरज नाही. पिंपळपानाचं लांब शेपूट त्याच कामासाठी असतं.

कॉर्टेन स्टीलचा, म्हणजे मुद्दाम गंजू देण्याच्या पोलादाचा, तांबूस थर आवडतो म्हणून ते वापरणारे आता बरेच आहेत. तो थर ओलं-सुकं या फेऱ्यांतून बसतो. सतत ओल्या राहणाऱ्या सांध्यात तो बसतच नाही, पत्रा खात जातो. कॉर्टेनखाली पांढरी फरशी तर नकोच. डाग जात नाहीत, खाली खडीचा वाफा करा.

धातूंची जोडी न बघता लावणं

लोखंडी फांदीवर तांब्याचं पान थेट बसवलं, की पावसात सांध्याजवळचं लोखंड भराभर गंजतं. मोठ्या तांब्याच्या पानाला छोटा लोखंडी स्क्रू म्हणजे आधी स्क्रूच जाणार. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि स्लीव्ह (बोल्टभोवतीची नळी) द्या, बोल्ट पितळेचे घ्या. तांब्यावरून ओघळलेलं पाणी खालच्या जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) किंवा ॲल्युमिनियमवर पडणार नाही अशी मांडणी करा.

भिंतीवरच्या लांब वेलीसाठी आणखी एक गोष्ट. दहा मीटरची तांब्याची वेल पन्नास अंशांच्या फरकाने साडेआठ मिलिमीटर लांबते. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली तापलेली भिंत यांत एवढा फरक पडतो. एक टोक पक्कं करा, बाकीच्या क्लॅम्पना लांबट भोकं ठेवा.

स्टेनलेसवर तांबूस ठिपके आले की लोक म्हणतात माल खोटा होता. तो असूही शकतो, पण आधी ग्राइंडर तपासा. एमएसवर, म्हणजे साध्या लोखंडावर, चालवलेलं चाक स्टेनलेसवर चालवलं की लोखंडाचे कण रुततात आणि तेच गंजतात. पिकलिंग पेस्टने (स्टेनलेस साफ करायच्या आम्लाच्या लेपाने) साफ करा आणि पुढे चाकं, ब्रश वेगळे ठेवा. नाशिक समुद्रापासून दूर आहे, साध्या बागेला ३०४ प्रतीचं स्टेनलेस पुरतं. त्याहून जास्त गंजरोधक ३१६ चे जादा पैसे स्विमिंग पूलच्या कडेला असेल तरच मोजा.

पावडर कोटिंग धारदार कडेवर पातळ बसतं आणि तिथूनच सुटतं, म्हणून कडा गोल घासून घ्या. बंद पाइपचं शिल्प गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवायला, पाठवताना हवेची भोकं पाडलीच पाहिजेत. साडेचारशे अंशांच्या जस्तात आत अडकलेली हवा आणि ओल पाइप फोडते, माणसं भाजतात.

काळ्या मातीवर पाया घालणं

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता काँक्रीटचा ठोकळा ओतला तर झाड हळूहळू कलतं. मुरूम लागेपर्यंत खोदा. बेसप्लेट लॉनच्या वर ठेवा, मातीत पुरू नका. अँकर बोल्टला प्लेटच्या खाली आणि वर असे दोन्हीकडे नट ठेवा. मग कलली तरी पान्याने पुन्हा ओळंब्यात आणता येते, तोडफोड करावी लागत नाही.