जुना इटालियन मॉड्यूलर सोफा घ्यायला निघण्यापूर्वी

आधी टेप हातात घ्या, फोटो नंतर बघा. सुटे तुकडे जोडून बनणाऱ्या या मॉड्यूलर सोफ्यांचे फोटो बघून माणूस हरखतो आणि मापं घ्यायची राहून जातात, म्हणून हा क्रम. खोली तर मोजाच, पण त्याआधी घराचं दार, जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दार मोजा. अखंड सोफा जिथे अडकतो तिथून सुटा तुकडा निघून जातो, हे खरं. तरी तुकडाही लहान नसतो. इटालियन डिझायनर मारिओ बेलिनी यांच्या १९७० च्या ‘कामालेओंदा’ या सोफ्याची मूळ बैठक साधारण ९० सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद आहे. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून तेवढे चौकोन कापा, जमिनीवर मांडा आणि दोन-तीन दिवस त्यांना वळसा घालून घरात वावरा. पाच चौकोन हवेत असं वाटत असताना तीनच पुरतात, हे बहुतेकदा इथेच कळतं.

कागद हलवताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल, आणि मला या फर्निचरची ओढ आहे ती तिच्यामुळेच. साधा सोफा घरात आला की बसायची दिशा ठरून जाते. कामालेओंदात बैठक, पाठ आणि हात सुटे आहेत; तारा, हुक आणि कड्यांनी ते एकमेकांना बांधले जातात. आज समोरासमोर गप्पांची बैठक, उद्या पाहुण्याला झोपायला सपाट जागा. इटालियनमध्ये ‘कामालेओंते’ म्हणजे रंग बदलणारा सरडा आणि ‘ओंदा’ म्हणजे लाट. नाव या दोन शब्दांतून आलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९७२ साली इटालियन घरगुती डिझाइनचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यातही हा सोफा होता.

बघायला जाताना टॉर्च, टेप, पांढरा रुमाल आणि सोबत एक माणूस घेऊन जा. माणूस अशासाठी, की प्रत्येक तुकडा उलटा करून बघायचाच आहे. विकणाऱ्याला ते तसं आधी सांगून ठेवा. जो उलटा करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. खालच्या बाजूला शिवलेलं लेबल शोधा. कामालेओंदा बनवणारी, चेझारे कासीना आणि पिएरो बुस्नेल्ली यांनी १९६६ मध्ये काढलेली कंपनी आधी ‘सी अँड बी इतालिया’ होती, १९७३ मध्ये ती ‘बी अँड बी इतालिया’ झाली. म्हणजे लेबलवरच्या एका अक्षरावरूनही वयाचा अंदाज येतो. कामालेओंदाचं मूळ उत्पादन सत्तरच्या दशकाच्या अखेरीस थांबलं आणि २०२० मध्ये तो पुन्हा बाजारात आला. मधल्या काळातला नग आहे असं कुणी सांगितलं, तर थांबून कागदपत्रं मागा.

सगळ्यात जास्त वेळ फोमला द्या. इथे घाई केली तर पुढचा सगळा खर्च तिथेच जातो. पॉलियुरेथेन फोम वापरला नाही तरी म्हातारा होतो. हवा, ऊन आणि दमट जागा त्याला आतून खात राहतात. तळहाताने जोरात दाबून सोडा. बैठक लगेच वर यायला हवी. खड्डा तसाच राहिला किंवा आतून वाळू चुरडल्यासारखं वाटलं, तर फोम संपला. चेन उघडून कडेने पांढरा रुमाल फिरवा. पिवळसर भुगा किंवा चिकटपणा दिसला तर नव्या फोमचा खर्च किमतीत धरा. मग नाक जवळ न्या. तंबाखूचा आणि बुरशीचा वास वरचं कापड बदलून जात नाही, तो आत मुरलेला असतो. शिवणींत टॉर्च मारून ढेकूण बघा. हे विचारायला संकोच वाटतो, पण बघायचं टाळू नका.

नंतर जोड. दोन तुकडे तिथेच जोडायला लावा, ओढून बघा, पुन्हा सोडवा. हुक, कड्या, क्लिपा मोजून घ्या. कापड नवं मिळतं. हरवलेला मूळ जोड शोधताना मात्र दमछाक होते.

डावा-उजवा हा घोळ मी स्वतः केलेला आहे. कोपऱ्याचा तुकडा ‘डावा’ म्हणून घेतला आणि घरी तो उजवा निघाला. विकणारा समोर उभं राहून सांगत होता आणि मी बसून विचार करत होतो. कागदावर चित्र काढा, हात कुठे आहे तिथे खूण करा, ते चित्र पाठवून होकार घ्या.

कापडाचा निर्णय घेण्याआधी सोफ्याचं काम करणाऱ्या कारागिराला फोटो दाखवून अंदाज मागा. इटालियन डिझायनर चीनी बोएरी (Cini Boeri) यांनी आर्फ्लेक्स कंपनीसाठी केलेल्या ‘स्ट्रिप्स’ सोफ्याचं गादीसारखं कव्हर चेनने निघतं, त्या डिझाइनला १९७९ मध्ये ‘कोंपासो दोरो’ हा इटलीचा मोठा पुरस्कार मिळाला. असं निघणारं कव्हर धुता येतं आणि नव्यासाठी नमुना म्हणूनही वापरता येतं. पक्क्या शिवलेल्या कव्हरला दुप्पट विचार करा. तुकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवत असाल तर एकाच रंगाच्या दोन छटा होणारच. त्यापेक्षा दोन मुद्दाम वेगळे रंग घ्यावेत, असं माझं मत.

बजेट पुरत नसेल तर डिझायनर आन्ना कास्तेल्ली फेरिएरी यांनी कार्टेल कंपनीसाठी केलेल्या ‘कोंपोनीबिली’ या छोट्या कपाटापासून सुरुवात करा. प्लास्टिकचे कप्पे एकावर एक बसतात, स्क्रू लागत नाही. जुना घेताना सरकती दारं फिरवून बघा आणि तडे तपासा.

सामान यायच्या दिवशी खोली रिकामी ठेवा आणि कागदाचे चौकोन जमिनीवरच राहू द्या. आणणाऱ्यांना तुकडा हातापाठीला धरून उचलू देऊ नका, तळाखाली हात घालायला सांगा. सगळे तुकडे जागेवर बसल्यावर हुक लगेच लावू नका. आठवडाभर सुटेच वापरा. मुलं, पाहुणे, दुपारची झोप, सगळं होऊ द्या. तुकडे जिथे सरकून थांबतील तिथे मग हुक लावा.