सोसायटीच्या ग्रुपवर नियम टाकण्याआधी

आधी वही घेऊन बसा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मागचा एक महिना वाचून काढा. शिवीगाळ फारशी सापडणार नाही. सापडेल तो गाळ. आमच्याकडे 'उद्या टाकी धुणार, ११ ते ४ पाणी बंद' हा निरोप रात्री आला आणि सकाळपर्यंत गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडला गेला. बी विंगमधले एक काका अंगाला साबण लावून बादलीची वाट बघत बसले. म्हणून नियमांआधी ग्रुप दोन करा. सूचनांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा आणि त्यातून कोणालाही, कितीही भांडला तरी, काढू नका. पाण्याचा निरोप त्यालाही लागतो.

मग गप्पांच्या ग्रुपचे नियम. 'आक्षेपार्ह मजकूर टाकू नये' असलं लिहू नका, त्याचा अर्थ ज्याचा तो लावतो. थकबाकीदाराचा फ्लॅट नंबर नाही, भाडेकरूच्या जातीधर्मावर किंवा खाण्यावर शेरे नाहीत, चोरीच्या संशयावरून कामवाल्या मावशींचा फोटो नाही, असं सरळ लिहा.

अफवांचा नियम मात्र कडक हवा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. तेव्हा 'सावधान' म्हणून आलेलं फॉरवर्ड आधी काढायचं, चर्चा नंतर. खरं असल्याचा पुरावा टाकणाऱ्याने आणायचा.

ॲडमिन तीन तरी हवेत, त्यातला एक कमिटीबाहेरचा, जमल्यास भाडेकरू. नाहीतर लिफ्टच्या बिलाचा हिशेब विचारणारा मेसेजसुद्धा 'वातावरण बिघडवतो' म्हणून उडतो. कोणी ॲडमिन व्हायला घाबरत असेल तर सांगा, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की संगनमत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही.

मेसेज काढला की कोणत्या ॲडमिनने काढला हे सगळ्यांना दिसतं. खरी ठिणगी तिथे पडते. त्यामुळे आधी स्क्रीनशॉट, मग त्या माणसाला खासगीत दोन ओळी, ज्येष्ठ असतील तर फोनच. 'काका, तो व्हिडिओ जुना आहे, काढलाय, राग मानू नका' एवढं पुरतं. दोनदा समज, तिसऱ्यांदा महिनाभर गप्पांच्या ग्रुपबाहेर. यात सेक्रेटरीही आले.

आणि एखादं मोठं भांडण झालेल्या आठवड्यात नियमावली टाकू नका. चौथा नियम कोणासाठी लिहिलाय, हे अख्ख्या बिल्डिंगला कळतं.