महासाथीच्या काळात परदेशी जाताना: नियम कसे वाचावेत आणि आरोग्याचे कागद कसे तयार करावेत

२०२१च्या उन्हाळ्यात ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक घरांत दोन प्रकारची धावपळ एकाच वेळी चालू होती. एकीकडे रुग्णालयात खाट मिळावी म्हणून फोनाफोनी होत होती, आणि दुसरीकडे परदेशी शिकायला निघालेला मुलगा, आखातातील नोकरीवर परतणारा जावई किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेली आई यांच्या कागदपत्रांची जुळवाजुळव चालली होती. त्या काळात आमच्या नौपाड्यातील घरी नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे असे बरेच कागद मी तपासून दिले. प्रवास अडला तो बहुतेक वेळा आजारामुळे अडला नाही; दोन कागदांवरील नाव जुळले नाही, किंवा तास चुकीच्या ठिकाणापासून मोजले गेले, म्हणून अडला. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर केले आणि त्या वेळचे नियम आता इतिहासजमा झाले आहेत. मात्र पुढे अशी वेळ पुन्हा आली, तर विमाने बंद करणे, चाचणी मागणे, लसीचा दाखला मागणे आणि आल्यावर विलगीकरणात ठेवणे हीच साधने सरकारांच्या हाती असतील, त्यामुळे ते नियम कसे वाचायचे हे समजून घेणे आजही उपयोगाचे आहे.

सर्वांत आधी हे ध्यानात घ्यावे की नियम केवळ देशाला लागू नसतो, तो आपल्या मार्गाला लागू असतो. आपण ज्या देशातून निघतो, ज्या देशात विमान बदलतो आणि जिथे पोहोचतो, त्या प्रत्येकाच्या अटी वेगळ्या असतात, आणि विमान कंपनीच्या अटी त्यांवर आणखी असतात. कॅनडाने २२ एप्रिल २०२१ पासून भारतातून येणारी थेट विमाने थांबवली आणि ती बंदी २७ सप्टेंबरला उठली. या पाच महिन्यांत तिसऱ्या देशातून जाणे शक्य होते, पण भारतात केलेल्या चाचणीचा अहवाल कॅनडा अशा प्रवाशांकडून स्वीकारत नव्हता. चाचणी त्या तिसऱ्या देशातच करावी लागत असे. म्हणजे त्या देशात प्रवेश मिळतो का, व्हिसा लागतो का, चाचणीसाठी विमानतळाबाहेर पडता येते का आणि अहवाल येईपर्यंत राहायचे कुठे, हे सारे प्रश्न तिकिटाआधी सोडवणे भाग होते. ज्यांनी स्वस्त तिकीट पाहून आधी आरक्षण केले आणि नियम नंतर वाचले, त्यांचे पैसे आणि दिवस दोन्ही गेले. म्हणून आधी मार्ग ठरवावा, त्या मार्गावरील प्रत्येक देशाची अट लिहून काढावी आणि मगच तिकीट काढावे.

नियम वाचण्याची जागा म्हणजे गंतव्य देशाच्या सरकारचे अधिकृत संकेतस्थळ आणि त्या देशाचा भारतातील दूतावास. त्यानंतर विमान कंपनीचे पान पाहावे. चेक-इन काउंटरवरील कर्मचारी प्रवाशाची कागदपत्रे सहसा आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या टायमॅटिक या माहितीसंचाशी ताडून पाहतात. आपल्याला विमानात घ्यायचे की नाही, हा पहिला निर्णय तिथेच होतो, कारण अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेला तर दंड आणि परत आणण्याचा भार कंपनीवर पडू शकतो. व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता किंवा एजंटाचा निरोप हा शोध सुरू करण्यापुरता ठीक आहे, त्यावर विसंबून निघू नये. अधिकृत पानावरही तीन गोष्टी शोधाव्यात: नियम कोणत्या तारखेपासून लागू आहे, त्या तारखेला तो कोणत्या वेळी सुरू होतो आणि ती वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाची आहे. नियम ज्या दिवशी पाहिला त्या दिवसाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी तेच पान पुन्हा उघडावे.

परतीच्या प्रवासाबाबत आपल्याकडे आणखी एक थर असतो, तो राज्याचा आणि महापालिकेचा. कोविडच्या विषाणूच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची बातमी आली तेव्हा केंद्राने १ डिसेंबर २०२१ पासून नवे नियम लागू केले. महाराष्ट्राने त्याहून कडक नियम काढले आणि केंद्राने आक्षेप घेतल्यावर लगेच त्यांत बदल केले. त्याच आठवड्यात, ४ डिसेंबरला, राज्यातील ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याण-डोंबिवलीत आढळला. अशा दिवसांत विमानतळ मुंबईच्या हद्दीत आणि घर ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या हद्दीत असल्यामुळे, उतरल्यावरचे नियम एका महापालिकेचे आणि घरी आल्यावरची देखरेख दुसऱ्या महापालिकेची, अशी स्थिती होती. परतण्यापूर्वी घरच्या माणसांनी आपल्या महापालिकेच्या आरोग्य विभागाची सूचना वाचून ठेवली, तर दारात आल्यावर होणारा गोंधळ टळतो.

आता नावाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक माणसे इथेच अडकलेली मी पाहिली. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असते आणि पहिली दोन नावे एकत्र दुसऱ्या रकान्यात असतात. आधारवर कधी मधले नाव असते, कधी नसते. लग्नानंतर एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे आडनाव राहिलेल्या स्त्रियांची संख्या तर फारच मोठी आहे. लस घेताना बहुतेकांनी आधार दाखवले, त्यामुळे कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर आधारवरील नाव उमटले. पासपोर्टवरील नावाशी ते जुळते का, हे त्या वेळी कोणी पाहिले नाही. आपली नावे इंग्रजीत लिहिताना एखादे अक्षर कमीजास्त होणे नेहमीचेच आहे, पण परक्या देशातील अधिकाऱ्याला ते दोन वेगळ्या माणसांचे कागद वाटू शकतात. जून २०२१ मध्ये प्रमाणपत्राला पासपोर्ट क्रमांक जोडण्याची सोय झाली. त्यावर सुरुवातीला पूर्ण जन्मतारीख नव्हती. ब्रिटनने त्या शरद ऋतूत भारतात बनलेली कोविशिल्ड लस मान्य केली, तरी भारतीय प्रमाणपत्राबद्दल शंका कायम ठेवली. पुढे पूर्ण जन्मतारखेचे प्रमाणपत्र आले आणि ११ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये ते चालू लागले.

यावरून कामाचा क्रम ठरतो. पासपोर्ट समोर उघडून ठेवावा आणि प्रत्येक दाखल्यावरील नाव, जन्मतारीख, लिंग आणि पासपोर्ट क्रमांक त्याच्याशी अक्षर-अक्षर मिळवून पाहावा. हे काम दोघांनी करावे, एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने तपासावे. चूक असेल तर दाखल्यावर दुरुस्ती करून घ्यावी, पासपोर्टला हात लावू नये. पासपोर्टचीच मुदत सहा महिन्यांच्या आत संपत असेल, तर मात्र आधी वागळे इस्टेटमधील किंवा सोयीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन नूतनीकरण करावे, कारण नव्या पुस्तिकेचा क्रमांक बदलतो आणि आधी काढलेला प्रत्येक दाखला पुन्हा दुरुस्त करावा लागतो. चाचणीचा नमुना देताना प्रयोगशाळेला पासपोर्टची झेरॉक्स द्यावी आणि क्रमांक अहवालावर छापायला सांगावे. माझ्या मावशीच्या अहवालावर एका प्रयोगशाळेने नाव बरोबर छापले, पण पासपोर्ट क्रमांकाचे शेवटचे दोन अंक उलटसुलट केले. ते रात्री अकरा वाजता, घरातून निघताना लक्षात आले, आणि सुधारलेला अहवाल ईमेलने येईपर्यंत ती माउली हातात पिशवी धरून दारातच बसून होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की अहवाल हाती येताच निगेटिव्ह हा शब्द वाचून थांबू नये, आधी वरची चौकट वाचावी. क्यूआर कोड आपल्याच फोनने उघडून पाहावा आणि त्यातून तोच अहवाल समोर येतो याची खात्री करावी. २२ मे २०२१ पासून भारतातून बाहेर जाणाऱ्यांसाठी असा कोड असलेला आरटी-पीसीआर अहवालच ग्राह्य धरला जाऊ लागला होता.

वेळेचे गणित कागदावर मांडूनच करावे. ४८ किंवा ७२ तास हे नमुना घेतल्याच्या क्षणापासून मोजतात, अहवाल आल्यापासून मोजत नाहीत. प्रश्न असतो तो ते कुठपर्यंत मोजायचे याचा. समजा, विमान गुरुवारी पहाटे अडीच वाजता मुंबईहून सुटते आणि अट ४८ तासांची आहे. तास सुटण्याच्या वेळेपर्यंत मोजायचे असतील, तर मंगळवारी पहाटे अडीचनंतर कधीही नमुना द्यावा. मंगळवारी सकाळी आठला दिला तर अहवालासाठी दीड दिवस हाती राहतो. परंतु तास पोहोचण्याच्या वेळेपर्यंत मोजायचे असतील आणि वाटेत थांबा घेऊन आपण आपल्या घड्याळाप्रमाणे गुरुवारी दुपारी साडेचारला उतरणार असू, तर मंगळवारी सकाळी आठचा नमुना बाद होतो. तो मंगळवारी दुपारी साडेचारनंतर द्यावा लागतो. नियमातील 'सुटण्यापूर्वी' आणि 'पोहोचण्यापूर्वी' या दोन शब्दांवर सगळे अवलंबून असते. थांब्याचा प्रवास असेल, तर पहिले विमान धरायचे की शेवटचे, हेही पाहावे. अमेरिकेने ६ डिसेंबर २०२१ पासून एक दिवस आधीची चाचणी मागितली, ती मात्र तासांवर नव्हती, तारखेवर होती: गुरुवारच्या पहिल्या विमानासाठी बुधवारी कोणत्याही वेळी केलेली चाचणी चालत असे.

मुंबईहून बरीच लांब पल्ल्याची विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि त्यातून तारखेचा एक घोळ हमखास होतो. २१ तारखेच्या पहाटेचे विमान म्हणजे २० तारखेच्या रात्री घर सोडणे. तास मोजताना तिकिटावरील तारीख आणि चोवीस तासांचे घड्याळ धरावे, 'उद्या रात्री' हा घरगुती शब्द धरू नये. संयुक्त अरब अमिरातीने काही काळ ४८ तासांतील अहवालाशिवाय विमान सुटण्यापूर्वीच्या काही तासांत विमानतळावरच आणखी एक जलद चाचणीही मागितली होती. अशा वेळी घोडबंदर रोडवरून किंवा पनवेलहून निघणाऱ्याने नेहमीपेक्षा बरेच लवकर निघावे, कारण चाचणीची रांग, अहवालाची प्रतीक्षा आणि मग चेक-इन असा तिहेरी वेळ लागतो. नमुना घरी घ्यायला येणाऱ्या माणसाने लिहिलेली वेळच अहवालावर छापली जाते ना, की नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्याची वेळ छापली जाते, हे आधीच विचारून घ्यावे.

लसीच्या दाखल्यात तीन बाबी पाहाव्यात. पहिली म्हणजे लस गंतव्य देशाच्या यादीत आहे का. कोविशिल्डला जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन मान्यता फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाली आणि कोव्हॅक्सिनला ३ नोव्हेंबर २०२१ रोजी. मधल्या महिन्यांत कोव्हॅक्सिन घेतलेल्या माणसांना अनेक देशांत लस न घेतलेल्यांत गणले गेले. लस चांगली आहे की नाही हा प्रश्न वेगळा, आणि ती कागदावर मान्य आहे की नाही हा प्रश्न वेगळा. दुसरी बाब अंतराची: शेवटच्या मात्रेनंतर १४ दिवस पूर्ण व्हावे लागत, आणि मात्रेचा दिवस त्यात धरला जात नसे. मे २०२१ पासून कोविशिल्डच्या दोन मात्रांमध्ये किमान ८४ दिवसांचे अंतर होते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी निघालेल्यांना जूनमध्ये २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची सवलत मिळाली, पण त्यासाठी प्रवेशपत्र किंवा नियुक्तिपत्र दाखवावे लागे. अशी सवलत असते, ती मागावी लागते आणि पुराव्यानिशी मागावी लागते. तिसरी बाब दाखल्याच्या वयाची: युरोपीय संघाने १ फेब्रुवारी २०२२ पासून बूस्टरआधीच्या मूळ मात्रांचा दाखला प्रवासासाठी २७० दिवसच ग्राह्य धरला. मुलांसाठीचे नियम स्वतंत्र वाचावेत. आपल्याकडे १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाले, त्यामुळे त्याआधी प्रवास करणाऱ्या मुलांना वयाची सूट किंवा चाचणी हाच आधार होता.

नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाची अडचण निराळी असते. आरटी-पीसीआर चाचणी बरे झाल्यानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. अमेरिकेसारख्या काही देशांनी अशांसाठी ९० दिवसांच्या आतील पॉझिटिव्ह अहवाल आणि प्रवासास हरकत नसल्याचे डॉक्टरांचे पत्र स्वीकारले होते. म्हणून पॉझिटिव्ह अहवाल कधीही फेकून देऊ नये. डॉक्टरांचे पत्र लेटरहेडवर, तारीख, सही, पत्ता आणि फोन क्रमांक यांसह, इंग्रजीत घ्यावे.

महासाथीच्या गडबडीत जुने नियम मात्र विसरू नयेत. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांत जाणाऱ्याला आंतरराष्ट्रीय लसीकरण दाखला लागतो. ही लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते, साध्या दवाखान्यात मिळत नाही. दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतो आणि ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. अशा देशातून दाखल्याविना भारतात उतरणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. मुंब्रा-भिवंडीहून हज किंवा उमराह यात्रेला निघणाऱ्यांसाठी मेंदूज्वराची (मेनिंजायटिसची) लस आवश्यक असते आणि ती सौदी अरेबियात पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. चाचणी आयत्या वेळी करता येते, लस आयत्या वेळी घेता येत नाही.

सर्व कागदांच्या दोन छापील प्रती काढाव्यात, एक हातातील पिशवीत आणि एक सोबतच्या माणसाकडे ठेवावी. फोनमध्येही इंटरनेटशिवाय उघडतील अशा ठेवाव्यात. लॅमिनेशन करू नये, प्रकाश चमकल्याने क्यूआर कोड वाचताना अडचण येते. ऑनलाइन भरायचे प्रवासी फॉर्म आदल्या रात्री शांतपणे भरावेत. ऑगस्ट २०२० ते नोव्हेंबर २०२२ या काळात भारतात येणाऱ्यांसाठी एअर सुविधा हा असाच फॉर्म होता, आणि परदेशातील विमानतळावर रांगेत उभे राहून तो भरणाऱ्यांचे फार हाल होत. दाखल्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये, त्यावर पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख दोन्ही असतात.

परत आल्यावर पीतज्वराचे कार्ड पासपोर्टच्याच पाकिटात ठेवावे. पुढे नवा पासपोर्ट निघाला की कार्डावरील क्रमांक जुनाच राहतो, म्हणून पुढच्या प्रवासात जुनी, रद्द झालेली पुस्तिकाही कार्डासोबत न्यावी.