लेअरच्या (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) पिंजऱ्याखाली काळपट विष्ठा: माझा अनुभव

अंडी घटली, पिंजऱ्याखाली विष्ठा पातळ, काळपट, त्यात न पचलेला मका. डॉक्टरांनी मेलेली कोंबडी उघडली: लहान आतडं वायूने फुगलेलं, आतला थर टर्किश टॉवेलसारखा खरखरीत. निदान नेक्रोटिक एंटरायटिस, म्हणजे आतड्याचा आतला थर मरून झडण्याचा आजार. तो करणारा क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू निरोगी आतड्यातही असतो. खाद्यात मासळीची कुटी जास्त झाली की फोफावतो. आमच्या कुटीच्या नव्या लॉटला तर गोणी उघडताच भपकारा येत होता!

कुटी बंद करून सोयापेंड वाढवली. पिण्याच्या पाण्याच्या पाइपलाइनमधला बुळबुळीत थर हायड्रोजन पेरॉक्साइडने काढला, साध्या पाण्याने लाइन धुतली, मगच डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे पाण्यातून अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सोडलं. व्यापारी कुरकुरला, पण औषधाचा अंश अंड्यांतून जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत एकही अंडं विकलं नाही. मरतूक लवकर थांबली; अंडी मात्र सावकाश वाढली.