विषय नको, प्रश्न द्या: मुलांकडून माहितीपर लेख लिहून घेताना

लेखन शिकवायला नव्यानेच लागलेल्या शिक्षकांना हा अनुभव येतोच. फळ्यावर ‘मुठा नदी’ लिहिलं की बऱ्याच वह्यांमध्ये ‘मी मुठा नदी बोलतेय’ सुरू होतं. मुलं चुकत नाहीत, दहावीपर्यंत आत्मकथन, प्रसंगलेखन, वैचारिक निबंध यांचीच सवय हाताला लागलेली असते. समजावून सांगणाऱ्या लेखातून मात्र वाचकाला न उलगडलेली एक गोष्ट उलगडायला हवी. त्यासाठी ‘का’ किंवा ‘कसं’ असलेला प्रश्नच द्यावा. पुण्यातल्या मुलांसाठी आमच्या मते सगळ्यात चांगला प्रश्न हा: शहरात पाऊस थांबलेला असतानाही मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली का जातो?

पहिला पूर्ण तास फक्त आखणीला द्या. उत्तर आधी दोन ओळींत लिहायला सांगा. मग कागदाच्या पाच-सहा चिठ्ठ्या करून एका चिठ्ठीवर एकच कारण लिहायचं. चिठ्ठ्या बाकावर ओळीने मांडायच्या आणि प्रत्येक दोन चिठ्ठ्यांमध्ये ‘म्हणून’ घालून बघायचं.

‘घाटात पाऊस पडला, म्हणून पूल बुडाला’ हे बहुतेकांचं पहिलं उत्तर. यात मधली सगळी साखळी गायब आहे. टेमघर, वरसगाव आणि पानशेत ही धरणं खडकवासला धरणाच्या वरच्या अंगाला आहेत. घाटमाथ्यावरच्या पावसाने ती भरली की त्यांतून सोडलेलं पाणी खडकवासल्यात येतं. वरसगावची क्षमता १२.८२ टीएमसी (अब्ज घनफूट), खडकवासल्याची मात्र जेमतेम १.९७. म्हणून ते लवकर भरतं, म्हणून जादा पाणी मुठेत सोडावं लागतं, आणि भिडे पूल पात्रालगत ठेंगणा असल्याने विसर्ग वाढला की तो आधी बुडतो. क्षमतेची चिठ्ठी बहुतेक मुलांकडून सुटते, आणि ती नसेल तर लेख लंगडा राहतो. शिक्षकाने ती आयती देऊ नये. ‘वरून आलेलं पाणी खडकवासल्यातच का साठवत नाहीत?’ एवढंच विचारावं.

आकड्यांचं वेगळं दुखणं असतं. ‘२५ हजार क्युसेक विसर्ग’ हे बातमीतून जसंच्या तसं उतरवलं जातं, पण लिहिणाऱ्यालाच क्युसेक माहीत नसतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर; २५ हजारांचे सेकंदाला सात लाख लिटर होतात. हा गुणाकार मुलांकडूनच वहीत करून घ्या. तीनशे शब्दांच्या लेखात तीन आकडे पुष्कळ झाले, आणि प्रत्येकाचा अर्थ त्याच वाक्यात किंवा पुढच्या वाक्यात यायला हवा.

कच्चा लेख दुसऱ्या तासाला. ‘पाणी म्हणजे जीवन’ छापाची सुरुवात आली तर पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचायला लावा. बहुतेकदा खरा लेख तिथूनच सुरू होतो. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर मुलं हमखास घालतात. घरात आजी-आजोबांकडून ऐकलेला असतो, त्यामुळे काढवत नाही. पण तेव्हा धरण फुटलं होतं, इथे धरण शाबूत असून पाणी सोडलं जातं. कारणच वेगळं, म्हणून तो दुसऱ्या लेखासाठी राखून ठेवायला सांगा. असं सांगितलं की मूल नाराज होत नाही.

तपासणी आधी बाकावरच्या जोडीदाराकडे. त्याने दुरुस्त्या करायच्या नाहीत. जिथे अडखळला तिथे समासात फक्त प्रश्नचिन्ह काढायचं. शिक्षकानेही कच्च्या प्रतीवर ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये. पान लाल झालं की मूल वेलांट्या सुधारून लेख पुन्हा उतरवतं आणि तुटलेली साखळी तशीच राहते. साखळी जिथे तुटते अशा दोनच जागांवर खूण करा. शुद्धलेखन पक्क्या प्रतीच्या वेळी बघा.