गायक गात नव्हता, ओरडत होता

मैफलीतल्या ख्यालगायकाचं तैलचित्र. ‘आ’कारात (‘आ’ लावून गाताना) तोंड उघडं, आणि चेहरा मात्र दाढ दुखल्यासारखा! दोष दातांत होता. एकेक दात टिटॅनियम व्हाइटने सुटा काढलेला, मागची पोकळी आयव्हरी ब्लॅकने भरलेली. ओला रंग पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) खरवडून काढला. मग पोकळीत बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि किंचित अलिझरिन क्रिम्झन (गडद लाल). दातांचा एकच सलग पट्टा, गालावरच्या उजेडापेक्षा गडद. त्याच्या पांढऱ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि कणभर अल्ट्रामरीन (गडद निळा).

तरी काहीतरी खटकत होतंच. हनुवटी मिटलेल्या तोंडाच्या मापाने काढली होती. तोंड उघडलं की खालचा जबडा उतरतो, नाकापर्यंतचा चेहरा तेवढाच राहतो. हनुवटी बोटभर खाली घेतली, गाल ओढले.

संदर्भासाठी फोटो काढायचा तर तानेत (भरभर स्वर घेताना) नको, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) काढा. तिथे भुवया सैल पडतात.